एप्रिलातला राजगड आणि कुसरीचा वास

सह्याद्रीत फुलं बघायची तर सप्टेंबरात, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की एप्रिलमध्ये राजगडला चाललेय म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं, आत्ता काय असणारे तिथं, नुसतं वाळलेलं गवत." गवत वाळलेलं होतं हे खरं, पण बाकी मला जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये म्हणून हे लिहितेय.

पहाटे साडेचारला मी आणि माझा मामेभाऊ बाइकवर निघालो. कात्रज, खेड शिवापूर, नसरापूर फाट्याला वळून वेल्ह्याचा रस्ता, मार्गासनीला डावीकडे आत, साखरवरनं गुंजवणे. उन्हाळ्यात पहाटेच निघायचं, नऊनंतर गडावर चढणाऱ्या डोंगराच्या सोंडेवर सावली नावाला नसते. पाणी माणशी चार लिटर घेतलेलं आणि एकही थेंब जास्त झाला नाही.

गाव सोडून जरा वर गेलो आणि अंधारातच वास आला. मोगऱ्याच्या जवळपासचा पण त्याहून हलका, वाऱ्याबरोबर येणारा जाणारा. टॉर्च फिरवला तर करवंदीच्या जाळीवर कुसरीचा वेल पसरलेला, पांढऱ्या चांदण्या अख्ख्या जाळीभर. ही आपली रानातली जाई, आणि हिचा खरा सीझन हाच. आम्ही दोघंही न ठरवता तिथंच पाच मिनिटं बसलो, चढायला सुरुवातही नीट झाली नव्हती.

उजाडलं तसं एकेक दिसायला लागलं. धायटीची लाल फुलं, पांढरा कुडा, आणि सोंडेवर एका कातळाला लागून अंजनी! तिची ती निळी-जांभळी फुलं देठाला नाही, थेट फांदीला चिकटून येतात, म्हणजे सगळी फांदीच निळ्या लोकरीत गुंडाळलीय असं वाटतं. हा बहर जेमतेम काही दिवस टिकतो, तो नेमका आम्हाला मिळाला. लाकूड मात्र हिचं इतकं कठीण की इंग्रजीत या झाडाला आयर्नवुड म्हणतात.

पावसाळ्यातली सोनकी, तेरडा हे सगळं पायाशी असतं, पाऊस सरला की संपलं. उन्हाळ्यात फुलतात ती झाडं, झुडपं, वेली, ज्यांची मुळं खोल गेलीयत. पळस, पांगारा, सावर तर पानं गाळून फुलतात, म्हणजे माश्यांना, पाखरांना लांबनं दिसावं. आणि करवंद, जांभूळ यांची फळं पिकून बिया पडायला लागतात तोवर पाऊस येतोच, बी रुजायला ओली माती तयार. किती बरोबर हिशोब आहे हा! म्हणून मला उन्हाळ्यातलं रान ओसाड वगैरे म्हटलेलं अजिबात आवडत नाही.

चोर दरवाज्याच्या खालचा चढ मात्र पूर्ण लक्ष मागतो. आधी घसारा, बारीक खडी, पाऊल टाकलं की सरकतं, आणि मग कातळ सुरू. खोदलेल्या खाचा आहेत, रेलिंग आहे, पण रेलिंगवर सगळा भार टाकायचा नाही, पाय नीट रोवायचे आणि हात फक्त तोलाला, हे मी मामेभावाला तीनदा सांगितलं. एके ठिकाणी पकड शोधत हात वर नेला तर बोटांच्या शेजारीच फटीतनं आलेली कुसर. पावसाळ्यात फुलं खाली वाकून बघावी लागतात, इथं ती नाकासमोर.

पद्मावती माचीवर ताक प्यायलो, ताकवाल्या मावशींनी हिरव्या करवंदांचं ताजं लोणचं पण दिलं. मग बालेकिल्ला. तो चढ परत कातळाचाच, महादरवाज्यात पोचलं की गार वाटतं. वर चंद्रतळ्याजवळनं पश्चिमेला तोरणा, उत्तरेला सिंहगड, पण धुरकट हवा, लिंगाणा नाहीच दिसला. उतरताना कातळाकडे तोंड करून उतरलो, घाई न करता.

सुवेळा माचीच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, पोचेस्तोवर साडेदहा झाले, दगड तापलेले. शेवटचं थोडं चढून नेढ्यात बसलो आणि आरपार वारा, तिथनं उठवेचना. एक महत्त्वाचं, कड्यांना आग्या माश्यांची पोळी असतात, आणि हे सगळं फुललेलं त्यांचंच खाणं आहे. त्यामुळे परफ्यूम लावून येऊ नका, धूर नको, आरडाओरडा नको.

दुपार पद्मावतीच्या देवळात काढली. चारला उतरायला लागलो तेव्हा शेजारच्या डोंगराची एक बाजू काळी ठिक्कर दिसली, वणव्यानं. सकाळी अंधारात कळलंच नव्हतं. कुणी तरी गवत पेटवलं असणार किंवा बिडी टाकली असणार, कसं ते मला माहीत नाही, पण तिथंही कुसर असेल, करवंदी असतील, पोटात कालवल्यासारखं झालं. मामेभाऊ पण गप्प.

पायथ्याला एक आजी घरासमोर बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "औंदा जाळ लई वर गेला बाई, पोरं गेल्ती फांद्या घेऊन इझवायला." मग आत जाऊन पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आल्या, चारपाचच काळी, बाकी लाल. "पंधरा दिसानं या, मंग खरी गोड," म्हणाल्या. पैसे घेईनात. मेच्या दुसऱ्या रविवारी परत जायचं ठरलंय, या वेळी आईला घेऊन, गडावर नाही तरी त्या जाळीपर्यंत.