मेडिकल फिट झाल्यावर कुस्ती खेळायची का?

आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-धामणे पट्ट्यात पोरगं शाळेत जायच्या आधी तालमीत जातंय. मीही तसाच गेलो. पुढं इंजिनिअरिंगला लागलो, व्हीटीयूच्या परीक्षा आणि जत्रांचा हंगाम नेमके एकमेकांच्या अंगावर यायचे, तरी लाल माती सोडली नाही. त्यामुळं एअरफोर्सच्या फ्लाइंग ब्रँचसाठी मेडिकल फिट झालो तेव्हा आनंदाच्या मागोमाग हा प्रश्न आलाच: जॉइनिंगपर्यंत कुस्ती खेळायची की नाही? ‘भितोस काय, खेळ’ म्हणणारे भेटले, ‘कशाला उगाच’ म्हणणारे त्याहून जास्त भेटले. का ते मात्र कुणी नीट सांगेना.

आधी वाट कशी आहे ते सांगतो. एअरफोर्सच्या प्रवेशाची ॲफकॅट ही लेखी परीक्षा, मग एएफएसबी, म्हणजे निवड मंडळ. आमच्या भागातल्या पोरांना म्हैसूर सोयीचं पडतं. तिथं मुलाखत, ग्राउंडवरची कामं, मानसशास्त्राच्या चाचण्या, आणि फ्लाइंगवाल्यांना वेगळी सीपीएसएस, म्हणजे मशीनवर बसून हात, पाय आणि डोकं एकाच वेळी किती चालतं ते बघणं. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पायलटचा नाद सोडायचा. ती पास झालो. मग राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरून बेंगळूर, इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला मेडिकल. फिट ठरलं तरी काम संपत नाही. मेरिट लिस्ट लागायची, त्यात नाव यायचं, मग दुंडिगलच्या एअरफोर्स अकॅडमीचं जॉइनिंग लेटर. मधले सगळे महिने तुम्ही ना सिव्हिलियन ना कॅडेट.

त्यात माझं वय. ॲफकॅटमधून फ्लाइंगला जायचं तर कोर्स सुरू होताना वय 20 ते 24 मध्ये बसावं लागतं. कोर्स जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. मी वरच्या काठावर होतो. एक कोर्स हुकला तर पुढच्यात बघू, ही सोय मला जवळपास नव्हतीच.

मेडिकलमध्ये शरीराकडं बघायची जी पद्धत बघितली, तिनं मला विचार करायला लावला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझा डावा कान दोन बोटांत धरून चाचपला आणि विचारलं, “कुस्ती?” म्हटलं, होय सर. कानाची वरची कड थोडी जाड झालीय माझी. कान घासून घासून आत रक्त साचतं, कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण सुटं होतं, कूर्चेला मिळणारं रक्त तुटतं आणि मग ती आखडून गोळा होते. वेळेत सुईनं रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. आमच्या तालमीत गोळा झालेला कान म्हणजे दागिना! हेल्मेट मात्र त्या दागिन्यावर नीट बसत नाही. नियमात स्पष्ट आहे, बाहेरच्या कानाला हेल्मेटसारखी साधनं घालताना आड येईल एवढी विकृती नको. माझा कान चालला. आमच्या वस्तादांचे कान घेऊन कुणी गेला असता तर चालला नसता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मग नाक दाबून, तोंड मिटून हवा कानाकडं ढकलायला लावली. विमान वर-खाली होताना कानातला दाब असाच सारखा करावा लागतो. नाकाचं हाड मोडून आतला पडदा फार वाकला असेल तर तिथंही गाडी अडते. दात मोजले. आणि पाठीच्या कण्याचे मानेपासून कमरेपर्यंत एक्स-रे काढले. श्मोर्ल नोड म्हणून एक प्रकार असतो, मणक्यांमधली गादी दाबाखाली शेजारच्या मणक्यात थोडी घुसते. तो एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसला तर फ्लाइंगला नापास. कारण उघड आहे. विमानातून इजेक्शन सीटनं बाहेर पडताना क्षणभर अंगावर वजनाच्या बारापट, पंधरापट आणि कधी त्याहून जास्त भार येतो, आणि तो सगळा कणा झेलतो.

परत येताना गाडीत बसून मी नियमावली पुन्हा वाचली, ह्या वेळी पैलवान म्हणून. बहुतेक गोष्टी बऱ्या होतात: ओठ फुटणं, बोट मुरगळणं, बरगडीला मार. साधं फ्रॅक्चरही सरळ जुळलं तर चालतं. पण काही गोष्टी अशा आहेत की बऱ्या झाल्या तरी उपयोग नाही. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला हाडं धरून ठेवणारा बंध, तुटला, ऑपरेशन करून नवा घातला, तुम्ही धावायलाही लागला, तरी अनफिट. खांदा वारंवार निखळत असेल तर ऑपरेशन करूनही अनफिट. सांध्याच्या आत गेलेलं फ्रॅक्चर तेच. म्हणजे इथं दुखापत किती मोठी हा प्रश्न नाही, कुठली हा आहे. आणि गंमत बघा, मातीतली कुस्ती नेमकं ह्याच जागांवर येते. एकेरी पट लागला, म्हणजे समोरच्यानं एक पाय धरून ओढला, आणि पाय मातीत रुतलेला राहिला की गुडघा फिरतो. ढाक मारताना, म्हणजे समोरच्याला उचलून आपटताना, खालच्याचा खांदा किंवा मान आधी टेकते.

आमच्या तालमीतला एक मित्र सैन्य भरतीच्या तयारीत होता. सरावात, तेही हलक्या जोडीत, त्याचा गुडघा गेला. आवाज मी ऐकलाय. ऑपरेशन चांगलं झालं, आज तो ट्रॅक्टर चालवतो, शेत बघतो. भरतीचं नाव काढत नाही.

वस्तादांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मला अजूनही पटतं. “अरे, तुला तिथं फिट कुणी केलं? ह्या मातीनंच की!” म्हणाले. खरंच आहे. जी म्हणजे काय, विमान वळताना अंगावर वजनाच्या किती पट भार येतो, ते मी त्यांना समजावत होतो: डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो, वळणावर पाच जी लागला की मान तीस-पस्तीस किलो उचलून धरते. वस्ताद हसले. “मग पैलवानाची मान नाही तर कुणाची चालणार?” जी सोसायला पाय, पोट आवळून श्वास रोखायचं तंत्र शिकवतात, तेही पैलवानाला परकं नाही.

एवढ्यात जत्रेच्या कमिटीचे लोक आले. पोस्टर छापायला जायचं होतं, कोल्हापूरच्या एका पैलवानाबरोबर माझी जोड ठरवत होते. गावचा पोरगा, त्यात एअरफोर्सवाला, म्हणजे मैदानाला गर्दी. निकाली कुस्ती, वेळेचं बंधन नाही, समोरचा माझ्यापेक्षा जड. अप्पा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः ह्याच मैदानात कुस्त्या मारल्यात, त्यामुळं त्यांचं न बोलणं मला जड गेलं.

मी कमिटीकडं थोडी सवड मागितली आणि टिळकवाडीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांच्याकडं कुस्तीची पोरं रोजच असतात. त्यांनी खेळ बंद कर असं सरसकट सांगितलं नाही. म्हणाले, “जोर-बैठका आणि धावणं सुरूच ठेवा. डोक्यावर भार घेऊन मान गोल फिरवता तो पूल बंद करा, त्याऐवजी हातानं रोध देऊन मानेचे व्यायाम करा. माहितीच्या जोडीदाराबरोबर डाव घोटणं एक, आणि चार हजार लोकांसमोर हरायचं नाही म्हणून खेळणं दुसरं. तिथं गुडघा अडकला तर तुम्ही पाय सोडणार आहात का?” मी नसतो सोडला. हलगी वाजत असताना कोण सोडतं?

हा मुद्दा मला पक्का वाटला. तालमीत थांब म्हटलं की समोरचा थांबतो. मैदानात थांब म्हणायची सोयच नाही, आणि तुम्ही म्हणणारही नाही.

घरी हे सगळं आईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि रोज खानापूर रोडला बिनहेल्मेटचा गाडी हाणतोस ते?” ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी कुस्तीचा एवढा हिशेब मांडला, आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मधून रात्री गाडी काढण्याचा कुठंच धरला नव्हता. जत्रेची कुस्ती वर्षातून एकदा, गाडी रोज. किल्ली त्या दिवसापासून आईच्या ताब्यात गेली. मी बसनं फिरलो, जी आधी येईल ती.

कमिटीला नाही म्हणून कळवलं. वाईट वाटलं, ते लपवत नाही. तालीम सोडली नाही, पण पट आणि ढाक असलेली लढत पूर्ण बंद केली. उभ्यानं पकडीचा सराव, तोही एकाच ठरलेल्या जोडीदाराबरोबर. पहाटे राजहंसगडाच्या चढावर धावायचो आणि उतरताना चालत यायचो, कारण घोटा मुरगळतो तो उतारावर. अजून एक बारीक गोष्ट सांगतो, पैलवानांच्या कामाची आहे: गजकर्ण. मातीतून, मॅटवरून, एकमेकांच्या लंगोटातून येतं. मेडिकलच्या वेळी अंगावर असेल तर विनाकारण टेम्पररी अनफिटचा शिक्का बसू शकतो. तालमीतून आल्या आल्या अंघोळ, स्वतःचा टॉवेल, आणि चट्टा दिसला की लगेच चामडीच्या डॉक्टरकडं.

माझ्या जागी कंग्राळीचा एक पोरगा त्या जोडीला लागला. मैदानाच्या दिवशी वस्तादांनी मला हौद्याच्या कडेला बसवून जोड्या पुकारायला लावल्या. काहीजण मुद्दाम ऐकू जाईल असं बोलले, “पायलट घाबरला.” अप्पांनी वळून बघितलं, एवढंच. कुस्ती बरीच लांबली, शेवटी कोल्हापूरवाल्यानं घिस्सा डाव मारून जिंकली. कुणाला काही लागलं नाही. मी खेळलो असतो तर मलाही लागलं नसतं कदाचित. त्यानं माझा हिशेब बदलत नाही.

एनडीएत असलेल्या मित्राला हे सांगितलं तर तो हसायला लागला. तिथं नवख्या कॅडेटना बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरावंच लागतं, नाक फुटलं तरी. म्हणजे फौजेला अंगझटीच्या खेळाचं वावडं नाही. फरक एवढाच की तिथं लागलं तर मिलिटरी हॉस्पिटल आहे, आणि बरं होईपर्यंत तुम्ही त्यांचे आहात. मेरिट लिस्ट आणि जॉइनिंगच्या मधे लागलं तर तुम्ही कुणाचेच नाही. अकॅडमीच्या दारात पुन्हा तपासणी होते ती वेगळीच.

यादी लागली, नाव आलं, लेटर आलं. आता कागदपत्रं गोळा करतोय. पोलिस व्हेरिफिकेशनच्या एका फॉर्मवर गावाचं नाव बेळगाव की बेळगावी ह्यावरून क्लार्कशी अर्धा तास गेला, पण ते आमच्याकडचं नेहमीचंच. वस्तादांनी पहिल्या सुट्टीत यायला सांगितलंय, एक चटपटीत कुस्ती लावतो म्हणतात. तिथल्या डॉक्टरला विचारून सांगतो म्हटलं. “डॉक्टर पैलवान आहे का?” एवढंच त्यांनी विचारलं.