पाठीवरचं बिऱ्हाड

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्याने पाडली, त्याने शंखातला खेकडा पाहिला नसावा. विंचवाची मादी पाठीवर वाहते ती पिल्लं, आणि तीसुद्धा पहिली कात टाकली की उतरून आपापल्या वाटेला लागतात. खरंखुरं घर पाठीवर घेऊन फिरतो तो हा, हर्मिट क्रॅब. माझ्याकडचा तर राखणदारही सोबत बाळगतो. त्याच्या शंखावर दोन समुद्रफुलं, म्हणजे सी ॲनिमोन, फुलासारखे दिसणारे प्राणी, चिकटलेली असतात.

खाऱ्या पाण्याची टाकी नवी होती तेव्हा मी खेकडा आणि समुद्रफूल वेगवेगळं आणलं होतं. दोघांची दोस्ती असते, एवढंच ऐकून. पत्रिका न बघता जमवलेली सोयरीक होती ती! दोस्ती असते ती ठरावीक जातींची, जसे डार्डॅनस जातीचे खेकडे आणि कॅलिॲक्टिस जातीची समुद्रफुलं. मी आणलेलं होतं बबल टिप, क्लाउनफिश ज्यात लपतो ते. त्याला खडकाच्या फटीत पाय रोवून बसायचं असतं, कुणाच्या पाठीवरून वरात काढायची हौस नसते. चिमट्याने कोळंबीचा तुकडा भरवला की ते मूठ मिटून घ्यायचं. मग खेकडा सावकाश चढायचा, त्या मिटलेल्या मुठीत नांगी घालायचा आणि घास ओढून काढायचा. अगदी तोंडचा घास, शब्दशः.

आठवड्याभरात समुद्रफुलाने जागा सोडली. ते चालतं, हे मला तेव्हा कळलं. तळवा सरकवत, घड्याळाच्या तासकाट्यासारखं. सकाळी बघितलं तर पंपाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. धावत जाऊन पंप बंद केला, तोंडाला स्पंज बांधला. पुढे ते एका मोठ्या टाकीत नांदायला गेलं. (पाण्याचाही दोष असेल. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे घटलेली पातळी गोड्या पाण्याने भरायची असते. मी पहिला महिनाभर खारं ओतत होते. खारेपणा मोजायचा (म्हणजे पाण्याच्या सापेक्ष घनतेचा) काटा 1.025 च्या आसपास हवा, माझा कुठच्या कुठे गेला होता.)

मग डार्डॅनस आला, तो फुलांसकटच.

समुद्रात त्याचा वैरी ऑक्टोपस. तो शंखाला हात घालायला गेला की समुद्रफूल डंख मारतं. फुलाला बदल्यात उष्टंमाष्टं मिळतं आणि फुकट प्रवास घडतो. ऑक्टोपसचा नुसता वास लागलेलं पाणी मिळालं तरी हे खेकडे अंगावर आणखी फुलं चढवतात, असं प्रयोगांत दिसलंय. माझ्या टाकीत ऑक्टोपस नाही. पण हे त्याला कोण सांगणार?

एका संध्याकाळी त्याने घर बदललं. मोठा रिकामा शंख मी महिन्यापूर्वीच ठेवला होता आणि तो रोज त्याला वळसा घालून जायचा. त्या दिवशी थांबला. नांगीने शंखाचं तोंड चाचपलं, आत खोलवर घालून पाहिली, वाळू उपसली, शंख उलटा केला, सुलटा केला. मी चहा विसरून बसले होते. आणि पापणी लवते न लवते तोच तो बाहेर आला. एका अंगाला वळलेलं, मऊ, गुलाबीसर पोट दिसलं न दिसलं, तोच नव्या शंखात शिरलाही. त्या निमिषभरात मलाच ओशाळल्यासारखं झालं.

खरं काम पुढे होतं. जुन्या शंखाला कवळ घालून तो फुलाच्या बुंध्यावर पायांनी टकटक करू लागला. मी हात लावला की जे फूल आक्रसून गोळा होतं, तेच त्याच्या टकटकीने ढिलं पडत गेलं. तळवा कडेकडेने सुटला. त्याने ते अलगद उचललं, नव्या शंखावर टेकवलं आणि धरून ठेवलं, पोल्टीस बांधल्यासारखं, कितीतरी वेळ.

दुसरं फूल जुन्या शंखावरच राहिलं. विसरला बहुतेक, असं म्हणत मी दिवा मालवला.

सकाळी तेही नव्या घरावर होतं. फक्त एका कडेला जरा जास्तच. तेव्हापासून तो चालताना डावीकडे किंचित कलतो.