दोन आडनावं, तीन प्रोफाइल, पंचवीस पेपर

सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीचा अर्ज दिला आणि चौथ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. "मॅडम, तुम्ही पंचवीस पेपर लिहिलेत, स्कोपसवर चौदाच दिसतात." स्कोपस म्हणजे शोधनिबंधांची नोंद ठेवणारी ऑनलाइन सूची. दुरुस्तीला तीन आठवडे मिळाले.

उरलेले अकराही माझेच. 2009 मध्ये पहिला पेपर आला तेव्हा मी पाटील होते, मधलं नाव वडिलांचं. 2012 मध्ये लग्न झालं, आडनाव बदललं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मधलं नावही. नऊ पेपर माहेरच्या नावावर, चौदा सासरच्या, आणि दोनांवर सहलेखकांनी दोन्ही आडनावं जोडून टाकलेली. स्कोपसच्या लेखी आम्ही तिघीजणी होतो. संशोधकाला कायमचा सोळा अंकी क्रमांक देणारं ऑर्किड त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालं होतं, पण मी ते काढलं थेट या फोननंतर!

आधी ऑर्किड काढून डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरचा कायमचा ओळखक्रमांक, टाकत एकेक पेपर जोडला. मग स्कोपसवर तिन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करण्याची विनंती पाठवली. दहा दिवस लागले. एच-इंडेक्स जुन्या नावावर 7 आणि नव्यावर 9 होता, तो एकत्र 13 झाला. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडलेलं हे माप सोपं आहे: 13 म्हणजे निदान तेरा पेपर असे, की प्रत्येकाला किमान तेरा सायटेशन, म्हणजे इतर पेपरांतले उल्लेख, आहेत. माझे जुने सहा आणि नवे सात त्यात बसत होते, वेगवेगळे मोजले तर कुणालाच दिसले नसते.

गूगल स्कॉलर या गूगलच्या मोफत सूचीवर उलटीच गत. तिथे ऊसपिकावर लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणा पाटलांचे पेपर माझ्या यादीत आपोआप शिरले होते. ते काढले, एकाच कामाचा प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आणि छापील पेपर एकत्र केले, तसा तिथला आकडा 19 वरून 16 वर आला. प्रबंध, प्रीप्रिंट असं बरंच काही स्कॉलर मोजतं, म्हणून त्याचा आकडा बहुधा स्कोपसपेक्षा जास्तच असतो. अर्जात आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा, नाहीतर छाननीत पुन्हा प्रश्न येतो.

एवढं झाल्यावर सायटेशनच्या क्रमाने यादी लावली आणि वाईट वाटलं. सर्वात वर होता एक रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या संशोधनाचा आढावा, टाळेबंदीत घरी बसून लिहिलेला, 212 सायटेशन. ज्या कामासाठी चार वर्षं दिली, उंदरांच्या फुफ्फुसात क्षयरोगानंतर मेमरी टी पेशी (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) किती काळ टिकतात ते पाहिलं, त्या पेपरला 23. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला साधारण वीस तास घेतो, ई. कोलाय हा आतड्यातला जंतू वीस मिनिटांत होतो. क्षयाच्या जंतूच्या वसाहती प्लेटवर दिसायलाच तीन-चार आठवडे. एक प्रयोग फसला की ऋतू बदललेला असतो. या विषयात वर्षाला चार पेपर कुठून येणार? आणि ज्यांच्या शोधाला 2025 चं नोबेल मिळालं त्या साकागुचींचा रेग्युलेटरी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, टी पेशींवरचा गाजलेला पेपर 1995 चा, 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'तला. त्या पेशी असतात हेच पटायला अनेकांना बरीच वर्षं लागली. तेव्हा कुणी नुसता जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बघितला असता तर? हा फॅक्टर म्हणजे जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी, एका पेपरची किंमत त्यावरून कळतच नाही. 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को बैठकीतून निघालेला डोरा हा संशोधनाच्या मूल्यमापनावरचा जाहीरनामा हेच सांगतो, आणि मला ते मनापासून पटतं.

सुदैवाने अर्जात 'पाच महत्त्वाचे पेपर' अशी अर्ध्या पानाची जागा होती. उंदरांचा पेपर पहिला लिहिला, त्यात पेशींचं गेटिंग, म्हणजे यंत्राने मोजलेल्या पेशींतून हव्या त्या वेगळ्या निवडणं, मी स्वतः केलं होतं हेही लिहिलं. रिव्ह्यू पाचवा. मुलाखतीत समितीने एच-इंडेक्स एकदाच विचारला, बाकी वेळ त्या पेपरच्या दुसऱ्या आकृतीवर गेला. सहाव्या महिन्यानंतर पेशी कमी का होतात, यावर एका ज्येष्ठ सरांशी मी चांगलाच वाद घातला. दोन महिन्यांनी बढतीचं पत्र आलं.

माझ्या विद्यार्थिनीचं लग्न येत्या मे महिन्यात आहे आणि तिचा पहिला पेपर याच आठवड्यात पाठवायचाय. काल आम्ही दोघींनी बसून तिचं ऑर्किड काढलं. पेपरवर नाव कोणतं, हे मी तिच्यावरच सोडलं. तिने वडिलांचं आद्याक्षर ठेवलं.