शिडाची बोट आणि लातूरचा नवरा

माझा नवरा लातूरचा. ज्या गावाला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथला माणूस चहूकडे पाणी बघून हरखेल अशी माझी अपेक्षा नव्हतीच. पण रविवारी मी शिडाची बोट घेऊन मुंबई बंदरात आणि तो घरी पेपर वाचत, हे काही खरं नव्हे. त्याला पोहता येत नाही. त्यात मांडव्याच्या लाँचमध्ये एकदा पोटातलं सगळं बाहेर आलेलं. त्यामुळे ‘चल रे, मजा येते’ म्हणून भागणार नव्हतं.

सुरुवात जमिनीवरून केली. पावसाळ्यात इथे शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात, तळ खरवडतात, रंग देतात. तिथे त्याला नेलं. स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे तो; बोटीच्या वरच्या भागाकडे बघितलंही नाही, सरळ खाली वाकला. आमची जे-२४ जातीची बोट सगळी मिळून चौदाशे किलोची, आणि त्यातलं साधारण ४३० किलो शिसं खालच्या कीलमध्ये, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणाऱ्या पात्यात. “म्हणजे जितकी कलेल तितकं हे वजन तिला परत खेचणार,” तो स्वतःशीच म्हणाला आणि कीलवर हात फिरवत राहिला. कलणं म्हणजे बुडणं नव्हे, हे माझ्या तोंडून किती वेळा ऐकूनही त्याला पटलेलं नव्हतं.

ऑक्टोबरात मोसम उघडला. मुंबईत दुपारी खारे वारे जोर धरतात, म्हणून आम्ही सकाळच्या मंद वाऱ्यात निघायचो. पोट रिकामं ठेवायचं नाही, बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी आधीच घ्यायची, लाइफजॅकेट किनाऱ्यावरच चढवायचं आणि आतल्या केबिनमध्ये डोकं घालायचं नाही. आणखी एक ठरलं होतं: तो ‘परत’ म्हणाला की परत, वाद नाही. हा हक्क त्याने पहिल्याच दिवशी ससून डॉक दिसायच्या आत बजावला. मी जीभ चावून बोट वळवली. आपण खरंच परत येतो हे त्याला दिसणं भाग होतं.

शिकवायचं काम मात्र मी अंगावर घेतलं नाही. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये म्हणतात, ते उलट बाजूनेही तितकंच खरं आहे. क्लबातल्या एका शांत स्वभावाच्या ज्येष्ठ बाईंना विनंती केली. त्यांनी त्याला बाकावर बसवून ठेवलंच नाही, थेट टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात दिला. नुसतं बसलेल्या माणसाला मळमळतं. सुकाणू धरणारा लांब क्षितिजाकडे बघतो, आणि बोट पुढच्या क्षणी काय करणार हे त्याच्या अंगाला आधी कळतं.

टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, यावर तो सुरुवातीला वैतागला. मग बाईंनी पुढच्या शिडावरच्या लोकरीच्या दोऱ्या दाखवल्या. दोन्ही बाजूंना एकेक, वीतभर लांबीची. वारा शिडावरून नीट वाहत असेल तर दोन्ही सरळ मागे पडतात. एखादी फडफडली की टिलर तिच्याच दिशेला किंचित न्यायचा, एवढंच. तो त्या दोऱ्यांकडे असा बघत बसला की बोट कलली आहे हेही त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं. मी बोलले नाही.

पण तो खरा अडकला भरती-ओहोटीत. बाईंनी कोकणातला जुना हिशोब सांगितला: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, तासभर इकडेतिकडे. घरी आल्यावर नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तिथी घेऊन छापील भरती-तक्त्याशी ताडून पाहिल्या, फरक पेन्सिलीने लिहिले, आणि जेवणाचं ताट समोर थंड झालं. आता कधी निघायचं ते तोच ठरवतो. अष्टमीला सकाळी ओहोटी आपल्याला बाहेर नेते आणि दुपारनंतर भरती घरी आणते; शिवाय ती भांगाची, म्हणजे प्रवाहाला उधाणाचा जोर नाही. पौर्णिमेला त्याचा आग्रह वेगळा असतो: उधाणाची ओहोटी लागली आणि वारा पडला तर शिडं भरलेली दिसूनही गेटवे लांब जातो, म्हणून अकराच्या आत परत.

जोराचा वारा त्याला अजूनही नको असतो. समुद्रावर पांढरे फेस दिसू लागले की तो शीड छोटं करायला लावतो, आणि मी करते. क्लबच्या शर्यतींना तो येत नाही. आरडाओरडा करायचा तर पाण्यात कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी मी दुसऱ्यांबरोबर जाते. निघण्याआधी भरतीची वेळ मात्र त्यालाच विचारते.