डिपॉझिट राहू दे काका, आधी हिशोब द्या

आमच्या घरमालकांनी "डिपॉझिट देत नाही" असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. ते म्हणायचे, "अगं देतो ना, मी काय कुठं पळून चाललोय?" आणि खरंच ते कुठे पळाले नव्हते. कर्वेनगरात, आम्ही सोडलेल्या फ्लॅटच्या पलीकडच्याच गल्लीत राहत होते. फोन उचलत होते, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होते. फक्त 75,000 रुपये तेवढे देत नव्हते.

आधी महावितरणचं शेवटचं बिल यायचं होतं. ते आलं. मग नवीन भाडेकरू मिळायचा होता, कारण त्याच्या डिपॉझिटमधून आमचं द्यायचं होतं. पुण्यात ही रीतच पडली आहे. जाणाऱ्याची रक्कम येणाऱ्याच्या खिशातून निघते, मालकाने ती बाजूला ठेवलेली नसते. नवीन भाडेकरू आल्याचं खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं, त्यांचा टेम्पो रिकामासुद्धा झाला होता. मग एफडी मोडायची होती. मग "पैशाचं सगळं मुलगा बघतो", आणि मुलगा बंगळुरूला.

या काळात सल्ले भरपूर मिळाले. ऑफिसातल्या एकाने "आपला एक भाऊ आहे, एक फोन टाकेल" असं सुचवलं. असा भाऊ दुसऱ्याकडून वसुली करून झाल्यावर आपल्याकडे येतो, त्यामुळे तो विषय तिथेच संपवला. नवऱ्याचा सल्ला पोलिसांचा. चौकीतल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हे दिवाणी आहे, वकील गाठा." मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. घरात घुसून सामान बाहेर फेकलं असतं तर गोष्ट वेगळी.

"शेवटचे महिने भाडंच द्यायचं नाही, डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायचं" हा तर सार्वजनिक सल्ला आहे. आम्ही तसं केलं नव्हतं आणि आजही करणार नाही. एक तर भाडं थकवल्याचा ठपका आपल्यावर येतो. दुसरं म्हणजे मुदत संपल्यावरही घरात राहिलं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली मालक भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. भांडायचंच असेल तर आपली बाजू स्वच्छ ठेवून भांडावं.

माझी मावसबहीण वकील नाही, पण तिची एक मैत्रीण वकील आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "करार नोंदवलेला आहे ना?" होता. ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचा, अंगठे घ्यायला एजंट घरी आला होता तो. त्यात डिपॉझिटची पूर्ण रक्कम लिहिलेली होती आणि ती मी बँकेतून भरली होती. ज्यांचा करार नोंदवलेला नाही त्यांनीही लगेच हात टेकू नयेत, असं ती म्हणाली. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. तो नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, खोटं पाडायचं काम मालकाचं.

मग तिने माझा करार वाचला आणि एका कलमावर बोट ठेवलं. घराचा ताबा दिल्यावर डिपॉझिट परत केलं नाही, तर त्यावर वर्षाला 18 टक्के व्याज. त्याच्या वरच्याच कलमात दुरुस्तीचा खर्च भाडेकरूने करायचा असं होतं, पण "नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून". ताबा दिल्याचा पुरावा माझ्याकडे होता. चाव्या देताना काकांसोबत सगळ्या खोल्यांतून फिरत व्हिडिओ काढला होता आणि नंतर "चाव्या मिळाल्या ना काका?" असा मेसेज टाकला होता. त्यांचं उत्तर होतं, "ओके, थँक्यू."

"आता पैसे मागणं बंद कर," ती म्हणाली. "हिशोब माग. काय कापायचंय ते लेखी, बिलांसकट."

हा सल्ला मला सगळ्यात उपयोगी पडला. पैसे मागितले की माणूस तारीख देतो, आणि तारखा फुकट असतात. हिशोब मागितला की त्याला काहीतरी लिहावं लागतं. मी मेसेज टाकला: "काका, डिपॉझिटचं नंतर बघू. तुम्हाला काय काय वजा करायचं आहे तेवढं लिहून पाठवा, म्हणजे आपल्या दोघांनाही कळेल."

आलं. वहीच्या कागदाचा फोटो. रंगकाम 28,000, किचन ट्रॉली 9,000, सफाई 4,500, बाथरूमच्या खिडकीची काच 1,200, लाइट बिल 1,460. म्हणजे 44,160 वजा, आम्हाला 30,840. सोबत एका पेंटरचं कोटेशन, कच्च्या कागदावर, सही ना शिक्का.

मी एकेका ओळीला उत्तर दिलं. लाइट बिल मान्य. काचही मान्य, ती आमच्याच मांजराने पाडली होती. ट्रॉली आम्ही आलो तेव्हाही रुळावरून उतरायची, त्या आठवड्यातला माझा मेसेज आणि काकांचं "सुतार पाठवतो" हे उत्तर पुढे केलं. सुतार कधी आला नव्हता. सफाईची पावती मागितली. रंगाबद्दल एवढंच विचारलं की रंग नेमका कधी लावला? कारण नवे भाडेकरू राहायला आले होते आणि वहिनींनी त्यांच्या सत्यनारायणाचे फोटो पाठवले होते. चौरंगामागची भिंत तीच, आमच्या कॅलेंडरच्या खिळ्यासकट.

यावर काका गप्प झाले. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही.

मग वकिलीणबाईंनी नोटीस केली. दोन पानं, भाषा कोरडी. चाव्या कधी दिल्या, रक्कम किती, मान्य वजावट किती, उरलेले 72,340 रुपये पंधरा दिवसांत द्या, नाहीतर करारातल्या 18 टक्के व्याजासह वसुलीची कारवाई. पुढच्या पायऱ्याही लिहिल्या होत्या. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा लावण्याआधीच, लोकअदालत, तिथे जमलं नाही तर कोर्टात दावा. लोकअदालतीत कोर्ट फी नाही, तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच आणि त्यावर अपील नाही. मात्र समोरच्याने तडजोडीला नकार दिला तर तिथे काहीच होत नाही, हेही तिने आधीच सांगून ठेवलं. दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून निम्म्यावर तोडू नको, हे तिचं म्हणणं मला फार आधार देऊन गेलं.

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. पोचपावती परत आली ती काकूंच्या सहीने. माझा अंदाज आहे की खरा परिणाम तिथे झाला, कारण मला वाटतं तोवर काकूंना यातलं काही ठाऊकच नव्हतं. रात्री बंगळुरूहून मुलाचा फोन. आवाज नम्र, आधी थोडं "बाबांच्या वयाचा विचार करा ताई", मग सरळ, "व्याज सोडाल का?" त्याने दरमहा हजाराच्या वर पडणारी रक्कम हिशोबात घेतली होती. मी म्हटलं, आठवड्यात पूर्ण रक्कम खात्यात आली तर सोडते.

त्याला आधी "सर्व हिशोब पूर्ण" असं लिहून हवं होतं. मला आधी पैसे हवे होते. शेवटी मी मजकूर सही न करता पाठवला, त्याने वाचून होकार दिला, 72,340 जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आला आणि मग मी सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम.

वकिलीणबाईंनी नोटिशीचे 2,500 घेतले. व्याज सोडायला नको होतं असं नवऱ्याचं अजूनही म्हणणं आहे. असेल. पण कोर्टात तारखांना त्याला जायचं नव्हतं, मला जायचं होतं.