ट्रकच्या पाट्यापासून केळीची सुरी: पहिल्या पात्याच्या नोंदी

रावेर तालुक्यातील आमच्या मळ्यात घड उतरवल्यावर दांड्यापासून फण्या वेगळ्या करण्यासाठी जी सुरी वापरली जाते, तिची धार दोन-तीन तासांत बोथट होते. बोथट सुरीने फणीचा काप खडबडीत निघतो आणि बाजारात पोहोचेपर्यंत त्या कापापासूनच कूज सुरू होते. या कामासाठी आपल्या हाताने एक सुरी घडवावी, असे मी दिवाळीनंतर ठरवले. यापूर्वी मी पाते घडवलेले नव्हते, त्यामुळे या नोंदी माझ्यासारख्याच नव्याने सुरुवात करणाऱ्यांना अधिक उपयोगी पडतील.

लोखंड म्हणून ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारातून घेतला. जाडी १० मिमी होती. कमानीच्या पोलादात साधारणपणे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणजे ते लाल तापवून पाण्यात वा तेलात विझवल्यावर (एकदम बुडवून गार केल्यावर) कडक होते. मात्र भंगारातील पाट्यावर त्याचा नेमका प्रकार लिहिलेला नसतो. म्हणून आधी कोपऱ्याचा एक तुकडा कापून तापवला, विझवला आणि हातोड्याने तोडून पाहिला. तो न वाकता काचेसारखा तुटला, तेव्हा पाटा कामाचा आहे याची खात्री झाली. वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या पाट्यात न दिसणारे तडे असू शकतात, त्यामुळे दुसरी परीक्षाही केली: पृष्ठभाग घासून त्यावर डिझेल लावले, कोरड्या फडक्याने पुसले आणि वरून खडूची पूड चोळली. तडा असेल तर त्यात शिरलेले डिझेल पुडीवर ओलसर रेघ उमटवते. माझ्या तुकड्यावर रेघ उमटली नाही.

घडाईचे काम गावातील लोहार आप्पांच्या भट्टीवर, त्यांच्या देखरेखीखाली केले. बाभळीचा कोळसा, हाताने फिरवायचा पंखा, ऐरण, सांडशी आणि दीड किलोचा हातोडा एवढीच साधने होती. १० मिमीचा पाटा ३.५ मिमीपर्यंत आणायला मला दोन रविवार लागले. पाटा नारिंगी असेपर्यंतच ठोकायचा आणि गडद लाल होताच पुन्हा भट्टीत घालायचा, हे आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. तरी हात चालू राहण्याच्या ओघात मी एकदा थंड होत आलेल्या टोकावर घाव घातले आणि तेथे केसाएवढा तडा गेला. ते टोक छिन्नीने कापून टाकावे लागले. शेवटी पात्याची लांबी १५ सेंमी आणि रुंदी ३ सेंमी राहिली. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात आणि घरगुती व शेतीकामासाठी बनवलेल्या सुऱ्या त्यातून वगळलेल्या आहेत. तरीही पहिले पाते लहान ठेवणेच मला योग्य वाटले.

नंतर पाते लाल तापवून रात्रभर राखेत पुरले, त्यामुळे ते कानशीला नरम झाले. मुठीसाठीची दोन छिद्रे याच टप्प्यावर पाडून घ्यावीत, कारण कडक झालेल्या पोलादात साधा ड्रिल शिरत नाही. दोन्ही बाजूंचा उतार कानशीने काढला आणि धारेची कड मुद्दाम पाऊण मिलिमीटर जाड ठेवली.

यापुढचा भाग विस्ताराने लिहितो, कारण माझे पहिले पाते येथेच गेले.

गावातील विळे आणि कोयते पाण्यात विझवतात हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून मीही बादलीत पाणी घेतले. दुपारची वेळ होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये तिन्ही बाजूंनी ऊन येत होते. त्या उजेडात पाते मला जेमतेम लाल दिसत होते, म्हणून मी ते आणखी तापवत राहिलो. पाण्यात बुडवताच ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. खडूच्या परीक्षेत धारेपासून पात्याच्या मध्यापर्यंत गेलेली रेघ स्पष्ट दिसली. मी ते पाते तिथेच तोडले. तुटलेल्या भागात रव्यासारखे मोठे, चमकणारे दाणे होते. नीट तापवलेल्या पोलादाचा तुटलेला भाग मऊ राखाडी, जवळजवळ मखमलीसारखा दिसतो. आप्पांनी तो तुकडा हातात घेऊन फिरवला आणि एवढेच विचारले, “भाऊ, हे उन्हात तापवलं का?”

म्हणजे चुका दोन होत्या. उन्हात रंग ओळखता न आल्याने पाते गरजेपेक्षा फार तापले आणि त्याचे दाणे वाढले. शिवाय कमानीच्या पोलादात सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असल्यामुळे ते तेलातही पुरेसे कडक होते. पाण्याचा झटका त्याला सोसत नाही. पातळ धार आणि जाड पाठ वेगवेगळ्या वेगाने गार होतात, कडक होताना पोलाद किंचित फुगते, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. साध्या कमी मिश्रधातूच्या विळ्याला जे पाणी मानवते, ते या पाट्याला मानवत नाही.

दुसरे पाते त्याच पाट्याच्या उरलेल्या तुकड्यातून घडवले. या वेळी विझवण्याआधी ते तीन वेळा तापवून, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडे कमी, हवेत गार होऊ दिले, म्हणजे वाढलेले दाणे पुन्हा बारीक होतात. विझवण्याचे काम सूर्य मावळल्यानंतर केले. लोहचुंबक तारेला बांधून जवळ ठेवला होता. सुमारे ७७० अंश सेल्सियसला लोखंड चुंबकाला चिकटणे सोडते. तेथून रंग आणखी एक छटा उजळेपर्यंत थांबलो आणि पाते टोकाकडून सरळ तेलात सोडले. तेल सरकीचे, पाच लिटर, सुमारे ५५ अंशांपर्यंत कोमट केलेले होते. कोमट तेल पातळ असते आणि पात्याभोवती वाफेचे कवच टिकू देत नाही, त्यामुळे ते थंड तेलापेक्षा लवकर उष्णता काढते. गाडीचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. झाकण आणि कोरडी वाळू जवळ असावी. माझ्या डब्यात क्षणभर ज्वाळा उठली होती. नंतर धारेवर कानस फिरवली तेव्हा ती न लागता घसरून गेली. त्या घसरण्याचा आवाज ऐकताना मला झालेला आनंद मोठा होता.

अशा अवस्थेतील पाते जमिनीवर पडले तरी फुटू शकते. म्हणून त्याच रात्री घरच्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर दोन तास, गार झाल्यावर पुन्हा दोन तास ठेवले. घासलेल्या पृष्ठभागावर वाळलेल्या कडब्यासारखा पिवळसर रंग आला. टोकाकडे किंचित बाक आला होता, तो दुसऱ्या फेरीनंतर पाते गरम असतानाच लाकडी पट्ट्यांत दाबून बहुतांशी सरळ केला. थोडा राहिला आहे.

मुठीसाठी पाडलेल्या धाब्याच्या घरातील अंजनाचा तुकडा मिळाला. सातपुड्याच्या पायथ्याचे हे लाकूड इतके जड आहे की तो तुकडा बादलीत सोडल्यावर तळाशी गेला. करवतीला त्याने फार त्रास दिला, पण मूठ आवळ आणि गार लागते. पितळी सळईचे दोन खिळे, इपॉक्सी आणि वरून जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. धार दगडावर प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांनी लावली.

गेल्या आठवड्याच्या कापणीत या सुरीने सकाळपासून दुपारपर्यंत फण्या काढल्या आणि मध्ये एकदाही दगड लावावा लागला नाही. केळीच्या चिकाने पाते तासाभरात निळसर काळे पडले. तो थर मी घासून काढणार नाही, फक्त काम संपल्यावर धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवतो. मूठ मात्र चिकट हातात मागच्या बाजूने निसटते. पुढच्या सुरीच्या मुठीला शेवटी ५ मिमीचा उठाव ठेवणार आहे, आणि त्यासाठी अंजनाचा दुसरा तुकडा कापून सावलीत ठेवला आहे.