लाल टोपण, नारिंगी टोपण

सोमवार, रात्री उशिरा

पाऊस थांबायचं नाव नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलं, हे या दिवसांत कोल्हापुरात 'जेवलास का'च्याही आधी विचारतात. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. दवाखान्यातही तेच. "सिस्टर, पाणी किती झालं?" आणि मी नेमका बीपीचा पट्टा बांधत असते. बीपी बघताना पेशंटनं बोलायचं नसतं, आकडा उगाच वर जातो. जिना चढून आल्या आल्या मोजायचं नाही, पाच मिनिटं टेकू द्यायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. कॉलेजात हे सगळं निवांत होतं, कारण तिथं पेशंट म्हणून माझीच मैत्रीण झोपलेली असते. इथं बाहेर बाकडी भरलेली, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग आणि काउंटरवरचे मामा "चला, पुढचं कोण" करत असतात.

जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष सुरू आहे. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर आणि संध्याकाळी गंगावेशेतला हा दवाखाना. इथं मी असिस्टंट. केसपेपर काढायचा, वजन, ताप, बीपी घ्यायचं, बोट टोचून शुगर बघायची, ड्रेसिंगचा ट्रे मांडायचा, वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात आणि हातमोजे लाल पिशवीत गेलेत का बघायचं. फीचे पैसे भागतात आणि हात चालू राहतो. लोक पहिल्या दिवसापासून 'सिस्टर' म्हणतात. आधी मी "अजून शिकतेय हो" म्हणून सांगत बसायची, आता सोडून दिलं. फक्त कुणी "तूच टोच की सुई" म्हटलं तर थांबते. ते काम डॉक्टर मॅडमचं.

दुसऱ्या वर्षाला येऊन मला सगळ्यात आवडलेली गोष्ट श्वास मोजायची. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस श्वास घ्यायची तऱ्हाच बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नाडीच बघतोय असं दाखवत पूर्ण मिनिटभर छातीकडं लक्ष ठेवायचं. पुस्तकात एवढंच लिहिलंय. पण गप्प बसून कुणाचा हात हातात धरला की समोरच्याला बोलावंसं वाटतं, हे पुस्तकात नाही. मोजणी बिघडते, परत पहिल्यापासून.

आज एक काकू अशाच बोलल्या. बीपीची गोळी त्या दिवसाआड खातात. परवडत नाही असं नाही. सून म्हणाली, रोज खाल्ली की सवय लागती. "बाईस्नी सांगू नगंस हं." म्हटलं, सांगणार तर आहेच, पण तुम्ही समोर असताना सांगते, मागनं नाही. काकू फुगल्या. आत मॅडमनी गोळी वाढवण्यासाठी पेन उचललंच होतं, ते खाली ठेवलं.

मंगळवार

आषाढातला मंगळवार, म्हणजे टेंबलाई देवीला पंचगंगेचं नवं पाणी वाहायचं. दुपारपासून पी ढबाक वाद्यांचा आवाज, रस्त्यावर नटून कलश घेतलेल्या पोरी. गर्दीत केएमटीची बस अडकली, मी उतरून चालत आले. दवाखान्यात पाय ठेवते तोच एक आजी नातवाला घेऊन हजर. पोराच्या पोटरीला कुत्रं चावलेलं आणि जखमेवर चुना न् हळद थापलेली. मॅडम आत दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. मी पोराला उचलून बेसिनवर बसवलं, नळ सोडला आणि साबण लावला.

पंधरा मिनिटं. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. ऐकायला सोपं, पण रडणाऱ्या पोराबरोबर पंधरा मिनिटं म्हणजे काय ते करूनच बघावं. रेबीजमध्ये लस जेवढी महत्त्वाची तेवढंच हे धुणं. हळद-चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही, पट्टीही घट्ट बांधायची नाही. मॅडम मध्येच येऊन जखम बघून गेल्या. खोल होती, म्हणून लसीबरोबर जखमेत भरायचं सिरमही लागणार. सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात पाठवायचं ठरलं. तिथं लस कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चिठ्ठी लिहून झाली.

धुता धुता आजीचं बोलणं चालूच होतं. कुत्रं कुणाचं, शेजारीण कशी भांडकुदळ, पोराचा बाप कसा वेळेवर येत नाही. त्यातच सहज म्हणाल्या, "हिच्या बहिणीला नुसतं नख लागलं बघ, तिला चावलं न्हाई." मी मान वर केली. 'हिच्या' म्हणजे पोराच्या चुलत बहिणीच्या बहिणीला, असा काहीतरी गुंता होता, तो सोडवण्यात दोन मिनिटं गेली. नख लागून रक्त नाही आलं तरी खरचटलं असेल तर लस लागते. ती पोरगी घरात होती, टेंबलाईला जायला वेणी घालून बसलेली. मामांनी फोन लावला. चिठ्ठ्या दोन झाल्या.

परत जाताना दूध कट्ट्यावर गर्दी. समोर म्हैस पिळून ग्लासात धारोष्ण दूध. पहिल्या वर्षाला मायक्रोबायोलॉजीत कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस वाचल्यापासून मी तो ग्लास तोंडाला लावू शकत नाही. शिक्षणानं एवढं नुकसान झालंय खरं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "आमची हयात गेली पिण्यात."

गुरुवार

हे नीट लिहून ठेवायचंय.

चिखलीचे एक आजोबा आहेत, प्रयाग चिखलीचे. ऊस, दोन म्हशी, डोक्याला टोपी, स्वभावानं कडक. बरेच दिवस शुगरला येतात. इन्सुलिन सुरू आहे, दोन वेळचं. डोस १६ वरनं २०, २० वरनं २४ झाला, पण जेवणानंतरची शुगर २९० च्या खाली यायला तयार नाही. प्रत्येक वेळी आत तोच संवाद. "आजोबा, गोड खाता?" "न्हाई." "सुई चुकते?" "एक टाइम चुकवीत न्हाई." आणि म्हातारा खोटं बोलणाऱ्यातला वाटत नाही.

आज बोट टोचताना म्हणाले, आता पाणी वाढलं की गुरं घेऊन उंचावर सोनतळीला जावं लागणार, तिथं फ्रिज कुठला, हे औषध कसं ठेवायचं? त्यांना खरी काळजी तीच होती. मी सांगितलं, चालू बाटली थंड सावलीत महिनाभर राहते. मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात डबी ठेवायची. "बाटली बघू तुमची," म्हटलं. त्यांनी पिशवीतनं प्लास्टिकचा डबा काढला. बाटली, कापूस, सिरिंजा. बाटलीवर ४० आययू, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. आणि सिरिंजचं टोपण नारिंगी.

मागच्याच आठवड्यात मेडिकल-सर्जिकलच्या तासाला कॉलेजच्या मॅडमनी दोन सिरिंजा टेबलावर ठेवल्या होत्या. लाल टोपण म्हणजे ४० ची सिरिंज, ४० च्या बाटलीसाठी. नारिंगी टोपण म्हणजे १०० ची. दोन्ही एक मिलीच्या, दिसायला जुळ्या बहिणी, फक्त रेघांचं गणित वेगळं. वर्गात मी हे वहीत चौकट करून लिहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, परीक्षेला येणार.

"आजोबा, घेता कसं ते जरा दाखवा की मला."

त्यांना राग आला थोडा. "आता तू शिकीवनार मला व्हय?" पण दाखवलं. हात थरथरत नाही त्यांचा. बाटली हळू उलटीपालटी केली, कापसानं बूच पुसलं, हवा भरली, ओढलं, बुडबुडा टिचकी मारून काढला. एवढं व्यवस्थित आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी करत नाहीत. आणि २४ च्या रेघेवर थांबले.

१०० च्या सिरिंजवर २४ ची रेघ म्हणजे ०.२४ मिली. ४० च्या बाटलीतलं ०.२४ मिली म्हणजे ९.६ युनिट. केसपेपरवर २४ लिहिलंय आणि अंगात दहासुद्धा जात नाही. मी ते गणित केसपेपरच्या मागं पेन्सिलनं केलं, परत केलं, मग आत गेले. मॅडम दुसरा पेशंट तपासत होत्या, तरी गेले.

मॅडमनी कागद बघितला, बाटली बघितली, आणि बाहेर येऊन आजोबांच्या शेजारी बाकड्यावरच बसल्या. कधीपासून ही सिरिंज? तर लाल टोपणाची संपली होती, दुकानातल्या पोरानं "ही पण इन्सुलिनचीच" म्हणून दिली. पोरगं खोटं बोललं नाही, अर्धवट बोललं. त्यानंतरच शुगर चढायला लागली होती आणि त्यानंतरच आमचा डोस वाढत गेला होता.

मला वाटलं, झालं, आता योग्य सिरिंज दिली की काम संपलं. नाही. खरा धोका तर तिथंच होता. लाल टोपणाची सिरिंज घेऊन हेच आजोबा उद्या सकाळी २४ च्या रेघेपर्यंत भरतील, म्हणजे आजवर जात होतं त्याच्या अडीचपट एकदम अंगात. शेतात बांधावर घाम फुटून, हातपाय कापून पडले तर बघायला म्हशी. मॅडमनी डोस खाली आणला, रोज उपाशीपोटी शुगर बघायला सांगितली, खिशात साखरेची पुडी ठेवायला लावली. शुगर असलेल्या माणसाला साखर खिशात ठेव म्हटल्यावर आजोबांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरनीच चेष्टा केल्यावर कुणाकडं बघायचं, असं ते बघणं होतं. मग त्यांना थरथर, घाम, डोळ्यापुढं अंधारी हे सगळं समजावून सांगितलं. ते मात्र माझ्याकडंच दिलं मॅडमनी. मी सांगितलं, त्यांच्याकडनं परत म्हणून घेतलं.

मांडीवर एकाच जागी टोचून गाठ झालेली, तीही दिसली. त्या गाठीत सुई गेली तर औषध नीट शोषलं जात नाही. पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज जागा बदलून, असं चित्र काढून दिलं. घड्याळासारखं फिरत जायचं.

झोप येत नाहीये. मॅडम हुशार आहेत, माझ्यापेक्षा शंभरपट. पण त्यांच्या टेबलापर्यंत आकडा पोचतो, डबा पोचत नाही. डबा आजोबांच्या पिशवीत असतो आणि पिशवी बाहेर माझ्या वजनकाट्याजवळ ठेवलेली असते. आत ओझं नको म्हणून.

शनिवार

शेजारच्या काकू संध्याकाळी ताकाचा तांब्या घेऊन आल्या. त्यामागं काम होतंच. पित्तावरचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून ठेवलंय, "एवढं टोचून जा की, घरची नर्स असताना दवाखान्याला कशाला पैसं?" नाही म्हटलं. कोर्स पूर्ण व्हायचाय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी व्हायचीय, आणि झाली तरी चिठ्ठीशिवाय घरात बसून टोचणार नाही. आत्याचा चेहरा पडला. काकू ताक मात्र ठेवून गेल्या, म्हणजे अजून आशा सोडलेली नाही.

रूपा, माझी वर्गातली मैत्रीण, म्हणते, "मी तर गावाकडं गेलो की सगळे रांग लावतात. सहा महिन्यांचा कुठलातरी कोर्स केलेल्या पोरी बिनधास्त सलाईन लावतात आणि आपण तीन वर्षं घासतोय." खरंय तिचं. चीड मलाही येते. पण आजोबांचा ९.६ युनिटचा कागद अजून माझ्या वहीत आहे. तो बघितला की तीन वर्षं जास्त वाटत नाहीत, उलट कमीच पडतील की काय वाटतं.

बुधवार

पाणी उतरायला लागलंय. सोनतळीला जायची वेळ यंदा अजून तरी आली नाही. आजोबा आले. जेवणानंतरची शुगर २१०. अजून जास्तच आहे, पण पहिल्यांदाच खाली आली. मॅडमनी दोन युनिट वाढवले. थरथर वगैरे काही झाली नाही, साखरेची पुडी मात्र नातवानं खाल्ली.

एकटे आले नव्हते. बरोबर चिखलीच्या दोन बाया, दोघींच्या हातात पिशव्या. "ही पोरगी डबा बघती म्हटलं," असं सांगून आजोबा बाकड्यावर ऐटीत बसले. पहिलीची सिरिंज बरोबर, बाटली बरोबर, पण बाटली ठेवते फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात, लवकर खराब होऊ नये म्हणून. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी उपयोगाचं राहत नाही, टाकूनच द्यायचं. हे ऐकून बाईंच्या डोळ्यात पाणी. बाटलीला पैसे पडलेत. फ्रिजचा दरवाजा, खालचा कप्पा, बर्फापासून लांब, २ ते ८ डिग्री, असं परत परत सांगितलं.

मॅडमनी आता नियमच केलाय. इन्सुलिनवाला कुणीही आला की आधी माझ्यासमोर बाटली, सिरिंज आणि भरून दाखवणं, मग आत. त्यामुळं रांग जिन्यापर्यंत गेली. टेबलावर तीन डबे, कापूस, बाटल्या, एकीनं आणलेली शेतातली वांगी. मामा काउंटरवरनं ओरडले, "सिस्टर, दवाखाना हाय की मंडई मांडलीया?"